येरवड्याहून बुधवारात

पुण्यात पत्ता विचारणे ही एक कला आहे, आणि जी इमारत आता उभीच नाही तिचा पत्ता विचारणे हा शुद्ध वेडेपणा आहे. हा वेडेपणा मी गेल्या पावसाळ्यात केला. तपकीर गल्लीतल्या एका दुकानात शिरलो. डोक्यावर नाना तऱ्हेचे दिवे लखलखत होते. दुकानदार कुणाला तरी वायरीचे भेंडोळे मोजून देत होता. मी विचारले, "इथे जवळपास कुठेतरी आनंदोद्भव नाटकगृह होते ना?"

"आनंद काय म्हणालात?"

"आनंदोद्भव. फार जुने. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या वेळचे."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या छत्रीकडे पाहिले. "काका, किर्लोस्करांचे पंप पाहिजेत का?"

मी त्याला दोष देत नाही. साऱ्या पुण्याला दिवे पुरवणाऱ्या त्या गल्लीत उभे राहून मी तेलाच्या दिव्यांवर चालणारे एक नाटकगृह शोधत होतो. बुधवार पेठेतल्या त्या आनंदोद्भवात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले आणि मराठी माणसाला नाटकातल्या गाण्याचे जे वेड लागले ते पुढे पन्नास वर्षे उतरले नाही. पुण्यात आलेल्या पारशी कंपनीची 'इंद्रसभा' पाहून अण्णासाहेबांच्या मनात संगीत नाटकाची कल्पना आली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. दोन वर्षांनी 'सौभद्र' आले. मग तर काय, पेठेत ज्याला म्हणून गळा होता तो प्रत्येक पोरगा नारद झाला.

पण मी अण्णासाहेबांना शोधायला गेलो नव्हतो. त्यांचे फोटो आहेत, चरित्रे आहेत, त्यांच्या नाटकांचे प्रयोग अजून होतात. मी शोधत होतो प्रेक्षकांत बसलेल्या एका माणसाला. नाटक संपल्यावर बाकीचे लोक चाली गुणगुणत घरी जातात. हा मात्र मनातल्या मनात दोष मोजत उठतो. नाटकाचा टीकाकार! रंगभूमीच्या इतिहासात त्याला कुणी हार घालीत नाही. त्याच्या नावाचे नाटकगृह नसते. आणि तरीही त्याची आठवण मला का यावी, याला एक घरगुती कारण आहे. ते आधी सांगून टाकतो.

१९७६ साली मी एका साप्ताहिकात नाटकांची परीक्षणे लिहीत असे. बँकेतली नोकरी सांभाळून, आद्याक्षरांच्या आड लपून. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि सव्वीस वर्षांच्या माणसाला जगात सगळ्यांत सोपे काम कुठले वाटत असेल, तर ते दुसऱ्याचे दोष दाखवण्याचे. एका फिरत्या मंडळीचे विनोदी नाटक मी पाहिले आणि त्याच्या चिंध्या केल्या. कथानक ओढून आणलेले, विनोद उष्टे, नायिका घशातून गाणारी! मला स्वतःला ते लिखाण इतके आवडले की, अंक हाती आल्यावर मी आमच्या ताईकडून ते घरात मोठ्याने वाचून घेतले.

आजी भिंतीला टेकून तुरीची डाळ निवडत होती. तिचे वय तेव्हा सत्याहत्तर. ताईचे वाचून झाले. सगळे हसले. आजी सुपातला एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "छान लिहिलंयस रे. पण लोक हसत होते का नाटकाला?"

"हसत होते. लोकांना काय, ते कशालाही हसतात."

"मग ते लिहिलं नाहीस तू," ती म्हणाली आणि पुन्हा डाळ निवडू लागली.

डाळ निवडताना ती नेहमी एक चाल गुणगुणायची. शब्द तिला पुरे आठवत नसत, पण चाल उडती, ठसकेबाज, ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा अशी. लहानपणी मामाने तिला घरात कुणाला न सांगता पाटणकरांच्या कंपनीच्या नाटकाला नेले होते. तिथली ती चाल. नाटकाचे नाव विसरली. मामाने घेऊन दिलेले भाजलेले शेंगदाणे आणि ही चाल, एवढेच तिच्याजवळ उरले होते. घरी परतल्यावर वडिलांनी मामाची चांगलीच कानउघाडणी केली. त्या काळी सभ्य घरातल्या मुलींनी किर्लोस्कर मंडळीच्या नाटकाला जाणे एकवेळ चालत असे, पण पाटणकरांच्या? छे! 'पाटणकरी' हा शब्दच मुळी नाक मुरडून उच्चारायचा होता.

हे माधवराव नारायण पाटणकर. जन्म १८६२ चा, मृत्यू १९१६ चा. स्वतःच नाटककार, स्वतःच नट, स्वतःच कंपनीचे मालक. त्यांच्या नाटकांत राजपुत्र असत, राजकन्या असत, कपटकारस्थाने असत आणि शृंगाराचा सढळ हात असे. चाली उर्दू-गुजराती रंगभूमीच्या वळणाच्या. पिटातला श्रोता त्यांच्यावर फिदा. शिकलेल्या लोकांनी मात्र त्यांना कधी पंक्तीला घेतले नाही. त्यांच्या एका नाटकाचे नाव 'विक्रमशशिकला'. आणि इथेच माझा टीकाकार रंगभूमीवर येतो. रंगभूमीसमोर येतो, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

१८९३ साली 'विविधज्ञानविस्तार' मासिकात या 'विक्रमशशिकला' नाटकावर एक परीक्षण छापून आले. लिहिणारा गृहस्थ बावीस वर्षांचा होता. नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे ते हेच कोल्हटकर. राम गणेश गडकरी ज्यांना गुरू म्हणत ते हेच. आपण शाळेत ताठ उभे राहून जे महाराष्ट्रगीत म्हणत होतो तेही त्यांचेच. एवढे सगळे त्यांच्या नावावर पुढे जमा व्हायचे होते. पण मराठी वाचकांना त्यांची पहिली ओळख झाली ती टीकाकार म्हणून. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी असण्याच्या काळात, पुण्याच्या विद्येवर पोसलेला एक तरुण टीकाकार म्हणून.

*

बुधवारात काही हाती लागले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी मी डेक्कन कॉलेजात गेलो. येरवड्यापर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा. मेट्रोच्या खिडकीतून खाली नदी दिसत होती आणि मी मनाशी हिशेब करीत होतो. १८८८ साली मॅट्रिक होऊन वऱ्हाडातून आलेला एक विद्यार्थी. जन्म नागपूरचा, २९ जून १८७१ चा, शाळा बुलढाणा-अकोल्याकडची. त्याला पुण्याचे पहिले दर्शन झाले असेल ते शहरापासून दूर, नदीपलीकडच्या या माळावर.

डेक्कन कॉलेजची इमारत ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावी. काळ्या दगडाची, निमुळत्या कमानींची, उंच बुरुजाची. पुण्याच्या उन्हात उभी केलेली विलायती शाळाच ती. १८६४ साली गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी कोनशिला बसवली, सर जमशेटजी जीजीभाईंनी मोठी देणगी दिली आणि १८६८ पासून कॉलेज इथे भरू लागले. आगरकर इथलेच, टिळक इथलेच. टिळकांची खोली अजून जपून ठेवली आहे. आता इथे विद्यार्थ्यांचा गलबला नाही. १९३९ पासून ही संशोधनसंस्था आहे. उत्खननातली खापरे आणि संस्कृत महाकोशाची शब्दपत्रे यांच्या सान्निध्यात विद्वान मंडळी हलक्या पावलाने वावरतात. मोठाल्या झाडांखाली इतकी शांतता असते की, आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला उद्धट वाटावा.

त्या शांततेत उभे राहून मी बुधवार पेठ आठवून पाहिली. अंतर चांगले दोन कोसांवर. नाटक रात्री उशिरा सुरू होणार आणि कोंबडा आरवेपर्यंत चालणार. नाटकाचे वेड असलेल्या विद्यार्थ्याने जायचे कसे आणि यायचे कसे? टांग्याला पैसे नसले की पायी. येरवड्याहून बंडावरचा पूल ओलांडून गावात, आणि उजाडताना तसेच परत. दिवसा वर्गात शेक्सपिअर आणि कालिदास. रात्री पिटातल्या बाकावर, तेलाच्या दिव्यांच्या धुरात, तोंडाला सफेदा फासलेले राजे आणि मिशा काढून उभ्या राहिलेल्या राण्या! या दोन जगांत जे अंतर होते, ते येरवडा आणि बुधवार यांच्यातल्या दोन कोसांहून कितीतरी अधिक होते. त्या काळचा शिकलेला मराठी टीकाकार जन्माला आला तो या अंतरातून, असे मला वाटते. डोक्यात एक नाटक आणि डोळ्यांसमोर दुसरेच.

आणि तो काळ तरी काय होता पाहा! न. चिं. केळकर आणि कृष्णाजीपंत खाडिलकर हे एकेका वर्षाने धाकटे. तेही याच सुमारास पुण्यात शिकत होते. तिघांनी पुढे नाटके लिहिली. एका शहराने तीन-चार वर्षांच्या आत इतके नाटककार पदवी देऊन बाहेर पाठवावेत, हे काही साधे पीक नव्हे.

कोल्हटकर १८९१ साली बी. ए. झाले आणि दोन वर्षांनी त्यांनी पाटणकरांच्या नाटकावर लेखणी चालवली. परीक्षण कठोर होते. त्याच्या तपशिलात मी इथे शिरत नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर कुणाचे शंभर वर्षांपूर्वीचे दोष चघळायचे? पण कोल्हटकरांची टीकेची एकंदर पद्धत सांगायला हवी. ते वकिलाच्या बाण्याने टीका करीत. पुढे ते खरोखरच वकील झाले. कथानक संभवनीय आहे की नाही, पात्रे आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतात की नाही, भाषा कशी, विनोद कसला, एकेक मुद्दा घ्यायचा, उलटतपासणी करायची आणि मग निकाल. आज आपल्याला हे थोडे कोरडे वाटेल. पण त्या वेळी मराठीत नाटकाबद्दल बहुधा दोनच प्रकारे बोलत: एक तर नटाच्या गळ्याची वाहवा, नाही तर नाटकाने पोरे बिघडतात ही ओरड. या दोहोंना बाजूला सारून नाटक ही विचार करण्याजोगी वस्तू आहे असे मानणे, आणि त्यासाठी मासिकाची पाने खर्ची घालणे, ही मोठीच गोष्ट होती.

*

इथे जरा विलायतेकडे वळतो, कारण टीकाकार हा धंदा म्हणून तिथेच रुजला होता. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' पत्रात क्लेमंट स्कॉट नावाचे गृहस्थ १८७१ पासून, म्हणजे कोल्हटकर पाळण्यात होते तेव्हापासून, नाटकांवर लिहीत होते. रात्री नाटक पाहायचे आणि सकाळच्या अंकात त्याचे भवितव्य ठरवून टाकायचे. नट त्यांना वचकत, मालक त्यांना सलाम करीत. १८९१ साली इब्सेनचे 'गोस्ट्स' लंडनात झाले तेव्हा त्यांनी त्यावर इतकी आग पाखडली की, आज त्यांचे नाव निघते ते बहुतेक त्या चुकीपुरतेच. पुढे १८९८ साली नट्यांच्या शीलाबद्दल भलतेच बोलून बसले आणि जागा गमावून बसले. टीकाकाराचीही उलटतपासणी होते, ती अशी.

आमच्याकडे असला टीकाकार असणे शक्यच नव्हते. सकाळचे दैनिक कुठे होते? 'केसरी' आठवड्याने निघे, 'विविधज्ञानविस्तार' महिन्याने, आणि नाटक कंपनी तोवर पुण्याहून सोलापूरला आणि सोलापूरहून हुबळीला पोचलेली. म्हणून आमचा टीकाकार पुष्कळदा प्रयोगापेक्षा छापील पुस्तकाचा टीकाकार झाला. पुस्तक पुढ्यात घेऊन, पेन्सिल हातात धरून, एकांतात बसून तो नाटक तपाशी. यात एक लाभ होता: टीका सावकाश, साधार आणि टिकाऊ होई. आणि एक तोटा होता. पुस्तकात सगळे छापलेले असते, पण प्रेक्षकांचे हसणे छापलेले नसते. आजीने मला जे विचारले ते त्या साऱ्या पिढीला विचारण्यासारखे होते.

टीकाकार होण्याची दुसरीही एक तऱ्हा पुण्यात त्याच काळी चालू होती, आणि ती मला अधिक मोहात पाडते. आगरकरांचे पाहा. कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले ते १८८२ साली. त्या कोठडीत त्यांनी 'हॅम्लेट' मराठीत आणले. 'विकारविलसित' या नावाने ते १८८३ साली छापून निघाले. नाटक कसे असावे हे सांगत बसण्यापेक्षा, 'हे घ्या, असे असते' म्हणून एक पुढे ठेवले! मग शाहूनगरवासी मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशांचा हॅम्लेट पाहायला माणसे गावोगावाहून लोटली.

या मंडळीच्या पाठीशी आणखी एक प्राध्यापक होते, वासुदेवराव केळकर. फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'चे त्यांनी 'त्राटिका' केले. नुसते केले नाही; नटांना घेऊन बसले, वाक्य कुठे तोडायचे, कुठे थांबायचे, कुठल्या शब्दावर भार द्यायचा हे त्यांना शिकवले. ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता अशा नटांकडून त्यांनी शेक्सपिअर वदवून घेतला. वासुदेवराव १८९५ साली गेले, आगरकरही त्याच वर्षी. दोघेही चाळिशीच्या आत. मला कधी कधी वाटते, हे दोघे आणखी वीस वर्षे जगते, तर मराठी टीकाकार तालमीच्या खोलीत जाऊन बसायला शिकला असता. तसे झाले नाही. वकील कोल्हटकरांचा वारसा चालला, प्राध्यापक केळकरांचा मागे पडला.

*

पण कोल्हटकरांच्या गोष्टीत खरी गंमत पुढेच आहे. पाटणकरांच्या नाटकाची उलटतपासणी घेणारा हा तरुण तीन वर्षांनी स्वतःच नाटक घेऊन उभा राहिला. नाव 'वीरतनय', साल १८९६, मंडळी किर्लोस्करांची. म्हणजे कसोटी लावणारा आता कसोटीच्या दगडावर.

लंडनातही याच वेळी नेमके असेच चालले होते. १८९५ ते १८९८ अशी तीन वर्षे बर्नार्ड शॉ 'सॅटर्डे रिव्ह्यू'मध्ये दर आठवड्याला दुसऱ्यांच्या नाटकांची हजेरी घेत होते आणि घरी येऊन आपली नाटके लिहीत होते. पण शॉंनी टीकेत जे मागितले तेच नाटकात दिले. आमच्या कोल्हटकरांचे काय झाले?

'वीरतनया'त काय होते? राजघराणी होती, गुंतागुंतीचे प्रेम होते, कल्पनेचा स्वैर संचार होता. आणि चाली? त्या किर्लोस्करी वळणाच्या, साकी-दिंडीच्या नव्हत्या. उर्दू-गुजराती-पारशी रंगभूमीवरच्या नव्या, उडत्या, ठसकेबाज चाली त्यांनी घेतल्या आणि मराठी नाट्यसंगीताला निराळेच वळण लावले. लोकांना नाटक आवडले. विद्वानांनीही मान डोलावली. पण पाटणकरांच्या पिटातला एखादा शेंगदाणे खाणारा मामा त्या दिवशी किर्लोस्करांच्या नाटकाला आला असता, तर त्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसून विचारले असते, "काय हो, ही चाल ओळखीची नाही वाटत?"

हे मी कोल्हटकरांना हिणवण्यासाठी सांगत नाही. मला त्यांची कणव येते आणि थोडा आदरही वाटतो. येरवड्याच्या वर्गात बसून त्यांनी जे नाकारले, ते बुधवाराच्या बाकावर बसून त्यांच्या कानांनी जपून ठेवले होते. टीकाकाराचे डोके एका कॉलेजात शिकते आणि त्याचे कान दुसऱ्या. लिहायला बसल्यावर कोण वरचढ ठरेल, हे सांगता येत नाही.

पुढे त्यांनी डझनभर नाटके लिहिली. नुसती करमणूक त्यांना कधीच पुरी वाटली नाही. 'मूकनायका'त मद्यपानाचा प्रश्न घेतला, 'मतिविकारा'त विधवाविवाहाचा. हेतू सगळे उमदे, भाषा कोटीबाज, कल्पना झगझगीत. पण कथानके? वेषांतरे, गैरसमज, योगायोग, ओळखू न येणारी माणसे! पुढच्या टीकाकारांनी कोल्हटकरांवर जो मुख्य आरोप ठेवला तो हाच की, कथानक संभवनीय नाही, माणसे खऱ्यासारखी बोलत नाहीत. म्हणजे बावीसाव्या वर्षी ज्या मापाने त्यांनी दुसऱ्याला मोजले, ते मापच पुढच्यांनी उचलले आणि त्यांच्या अंगाला लावून पाहिले. आज 'सौभद्र' होते, 'शारदा' होते. 'वीरतनय' कुणी करीत नाही. पाटणकरांचेही कुणी काही करीत नाही. या बाबतीत दोघे शेवटी एका पंक्तीला बसले.

कोल्हटकर १८९७ साली एलएल. बी. झाले आणि पुणे-मुंबई सोडून वऱ्हाडात वकिलीला गेले. अकोला, खामगाव, जळगाव-जामोद. दिवसा कोर्टात कुळे आणि सावकार, रात्री दिव्याशी नाटक आणि ग्रहगणित. हो, ग्रहगणितही! 'भारतीय ज्योतिर्गणित' नावाचा ग्रंथ त्यांनी लिहिला. असल्या माणसांचे हे मला नेहमी नवल वाटते. आम्हाला बँकेतून दमून आल्यावर वर्तमानपत्र धड वाचवत नसे.

त्यांची टीका मात्र थांबली नाही. १९१३ साली न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' आले तेव्हा कोल्हटकरांनी त्यावर इतके लांबलचक परीक्षण लिहिले की, त्याचेच एक पुस्तक व्हावे. मला या परीक्षणाची एक गोष्ट फार आवडते. ज्याच्यावर लिहिले तो 'केसरी'चा संपादक, स्वतः नामांकित टीकाकार. आणि ज्याने लिहिले तो एव्हाना दुसऱ्यांच्या टीकेचे घाव सोसलेला नाटककार. वीस वर्षांपूर्वीच्या त्या बावीस वर्षांच्या पोराला गमावण्यासारखे काही नव्हते. आता होते, आणि तरी लेखणी तशीच चालली. मी परीक्षणे लिहिणे दोन वर्षांत सोडून दिले, ते मला गमावण्यासारखे काही होते म्हणून नव्हे. आजीच्या प्रश्नाला उत्तर सुचेना म्हणून.

१९२७ साली ते पुन्हा पुण्यात आले. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. छप्पन वर्षांचे वय. ज्या गावात पायपीट करून नाटके पाहिली, त्या गावाने आता मानाच्या खुर्चीवर बसवले. गडकरी तोवर जाऊन आठ वर्षे झाली होती. देवल गेले होते, माधवराव पाटणकर गेले होते, गणपतराव जोशी गेले होते. ज्या नटांना आणि नाटककारांना त्यांनी ऐन उमेदीत पाहिले, त्यांतले किती जण उरले असतील? पडद्यावरची मुकी चित्रे पुण्यात केव्हाच आली होती. बोलकी यायला चारच वर्षे बाकी होती.

१ जून १९३४ रोजी कोल्हटकर वारले. त्याच वर्षी सरकारने डेक्कन कॉलेजही बंद केले. पाच वर्षांनी ते निराळ्या रूपाने पुन्हा उघडले, तोवर ती काळी इमारत मुकी उभी होती. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळते. पण त्या बुरुजाखाली उभा असताना ही साल मला एकदम आठवली आणि मी उगाचच टोपी काढली. शेजारून जाणाऱ्या एका संशोधक मुलीला वाटले मला चक्कर येत आहे. तिने अगत्याने पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्यालो आणि तिला विचारले, "कोल्हटकर वाचलेत का?"

"कुठले कोल्हटकर?"

"श्रीपाद कृष्ण."

"महाराष्ट्रगीतवाले ना? शाळेत म्हणायचो आम्ही," ती म्हणाली. तपकीर गल्लीपेक्षा हे खूपच बरे होते.

*

परतताना मी पुन्हा बुधवारात उतरलो. संध्याकाळ झाली होती. आप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांच्या दुकानांपुढे आईबाप याद्या घेऊन उभे होते. दिवाळीच्या आकाशकंदिलांचा पहिला माल येऊन पडला होता. नाटकगृहांच्या गावात नाटकाची एवढीच खूण की, एका भिंतीवर कुठल्याशा विनोदी नाटकाची जाहिरात पावसाने अर्धी उतरली होती. 'पोट धरून हसा' असे तिच्यावर लिहिले होते. मी ती जाहिरात बराच वेळ वाचीत उभा राहिलो.

घरी आल्यावर १९७६ चे ते कात्रण शोधून काढले. पिवळे पडले आहे, घडीवर फाटले आहे. पुन्हा वाचले. कथानक ओढून आणलेले होते हे खरे. विनोद उष्टे होते हेही खरे. त्यातला एकही शब्द मला आज खोटा वाटत नाही. पण त्या रात्री माझ्या पुढच्या रांगेत एक मध्यमवयाचे जोडपे बसले होते, ते आठवले. बाईच्या मांडीवर मूल झोपलेले. हसू आले की ती मूल उठू नये म्हणून पदर तोंडात धरी आणि तिचे खांदे नुसते हलत. नवरा तिच्याकडे पाहून हसे. नाटकाकडे त्याचे लक्षच नव्हते. हे मी तेव्हा पाहिले होते, नीट पाहिले होते. आणि त्यातले अवाक्षरही त्या कात्रणात नाही.

रात्री ताईला फोन लावला. ती आता सोलापूरला लेकीकडे असते. म्हटले, "आजी डाळ निवडताना ती चाल म्हणायची ना, पाटणकरांची, ती येते का गं तुला?"

"न यायला काय झालं? थांब." ती खाकरली आणि फोनवरच गुणगुणू लागली. आवाज पुष्कळ थकला आहे तिचा, पण ठसका तोच. पहिली ओळ झाली. दुसरी निम्मी झाली आणि ती थबकली. पुन्हा सुरुवातीपासून घेतली आणि पुन्हा तिथेच अडली.

"पुढचं जातंय रे," ती म्हणाली. "तुला येतं का?"

मला येत नव्हते.